साहेब बटईनं

माझं शेत चार एकर आहे, बोरीच्या अलीकडं, ओढ्याला लागून. वरचा भाग उताराचा आणि हलका. खाली ओढ्याकडं दहा-बारा पावलं रुंदीची काळीभोर पट्टी आहे. त्या पट्टीत मी बियाण्याचं सोयाबीन करत असे. दाणा टपोरा व्हायचा. त्याला मळणीयंत्र लावायचे नाही, बायका लावून काठीनं बडवून घ्यायचे, म्हणजे दाण्याला मार बसत नाही. तेच बी पुढच्या मृगाला सगळ्या शेतात पेरायचं. दुकानाची पायरी चढायची गरज नाही.

पायरीचं मला वावडंच आहे. माझा मुलगा परभणीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मालक गेले त्या वर्षी आम्हा मायलेकात एक बोली झाली. शेत स्वतःच्या पायावर उभं आहे तोवर मी गावात राहायचं. ज्या वर्षी बियाण्यासाठी त्याच्यापुढं हात पसरीन, त्या वर्षी शेत ठोक्यानं, ठरल्या रकमेला दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि मी परभणीला जायचं. मुलगा वाईट नाही. सून माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते, हे मी तिच्यासमोर सोडून कुठंही कबूल करते. पण मी तिथं आठ दिवस राहिले की गॅलरीतल्या तुळशीला दिवसातून चार वेळा पाणी घालते. दुसरं काही करायलाच नसतं. आतापर्यंत दोन तुळशी सडल्या.

तर अशी माझी सगळी मुदत त्या पट्टीवर अवलंबून होती, आणि नेमकी तीच पट्टी मागायला योजनेचा माणूस गावात आला.

मे महिन्याची अखेर होती. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक भरली. माणूस गंगाखेडकडचा, घरी ऊस, अंगानं काडी, डोक्याला टोपी. त्यानं चित्रं दाखवून सांगितलं की ओढ्याकाठची माती दरवर्षी वाहून जाते. काठाची दहा पावलं जमीन तीन वर्षं नांगरायची नाही, पेरायची नाही. आहे ते गवत राहू द्यायचं, तो देईल ते गवताचे ठोंब लावायचे. वर्षाच्या शेवटी पाहणी होईल आणि मग पैसे खात्यावर येतील.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात मान डोलवायला काही लागत नाही. मग तो म्हणाला, कोण कोण भाग घेणार, नावं सांगा. तेव्हा सगळे एकमेकांच्या चपलांकडं बघायला लागले. एकानं मेंढरंही थांबत नाहीत असा खडकाचा तुकडा देऊ केला. एकाला ओढ्याकाठी जमीनच नव्हती, त्याचा उत्साह सगळ्यांत जास्त. आमच्या भावकीतला एक आहे, त्याचं शेत ओढ्यानं वर गेलं की तिसरं लागतं. आधी माझं, मग माझ्या धाकट्या जावेचं, मग त्याचं. त्यानं योजनेचं तोंडभरून कौतुक केलं आणि पट्टी लिहून दिली ती शेजारच्या चुलतभावाची.

माणूस भराभरा नावं लिहीत होता. दुसऱ्या दिवशी तो जागा बघायला आला तर अर्धं गाव सेलूला कापसाच्या बाजाराला गेलेलं. गावातला कापूस विकून तीन महिने झाले होते.

दुपारी तो माझ्या ओसरीवर पाणी प्यायला टेकला. चहा केला. त्याचं तोंड बघून मला हसू येत होतं, पण आलेल्या माणसाला हसू नये म्हणून मी चुलीकडं तोंड करून हसले. तो म्हणाला, माती वाहून जाते हे लोकांना पटतच नाही का?

मी म्हटलं, "पटतंय की. माती धा वर्सानं सरती. बियाणं औंदाच सरतंय."

त्याला ते नीट कळलं नाही, म्हणून मी त्याचा फॉर्म मागून घेतला. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, बोट धरून वाचलं की वाचता येतं. तळाशी बारीक अक्षरात होतं की अतिवृष्टी, पूर, कीड अथवा इतर कारणानं नुकसान झाल्यास योजना जबाबदार राहणार नाही. ते मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ह्यात पाऊस माझा, पूर माझा, कीड माझी. मग तुमचं काय हाय?"

तो म्हणाला, "मार्गदर्शन."

एवढं खरं बोलणारा माणूस योजनेत कसा टिकला कोण जाणे. मग मी त्याला सरळ विचारलं, तुमच्याकडं बटईची रीत आहे का? आहे म्हणाला. असणारच, सगळीकडं आहे. शेत एकाचं, कष्ट दुसऱ्याचे, बी-खत निम्मं निम्मं, आलेलं निम्मं निम्मं. आणि नाही आलं तर तेही निम्मं. बटईदार शेताकडं कसा बघतो ते बघा आणि सल्ला देणारा कसा बघतो ते बघा. एकाची नजर आभाळाकडं असते, दुसऱ्याची कागदाकडं.

मी म्हटलं, "माझी पट्टी बटईनं धरा. हापिसानं न्हाई, तुमी."

हिशेब असा सांगितला. माझ्या पट्टीत गवत राहणार, तेव्हा तिथं किती पिकलं असतं हे कसं कळणार? तर शेजारीच माझ्या जावेची पट्टी आहे. तेवढीच लांब, तेवढीच रुंद, माती तीच. तिच्या पट्टीत जेवढे कट्टे, जेवढी पोती सोयाबीन होईल तेवढं माझं बुडालं असं धरायचं. त्यातलं निम्मं मी सोसते. निम्म्याचे कट्टे त्यानं मला आणून द्यायचे. पैसे नकोत, दाणा पाहिजे, पुढच्या पेरणीला चालेल असा.

तो हसला. मी हसले नाही. मग तोही थांबला. त्याला या गावातून एक तरी सही पाहिजे होती, नुसती खडकाची आणि चुलतभावाची नावं घेऊन तो परत जाऊ शकत नव्हता, हे मला माहीत होतं. बराच वेळ तो टोपी हातात घेऊन फिरवत बसला. शेवटी हो म्हणाला. आमच्यात बोली पक्की करताना सुपारी फोडतात. घरात होती ती फोडली. त्यानं अर्धी कडाकडा खाल्ली. माझे दात गेलेले, मी अर्धी संध्याकाळपर्यंत चघळत होते.

चघळतच जावेकडं गेले.

धाकटी जाऊ आणि मी एकमेकींशी बोलतो, पण टोमण्यातच. आमच्या दोन शेतांमधला धुरा तिच्या औतानं दरवर्षी माझ्याकडं सरकायचा आणि माझ्या औतानं तिच्याकडं. इतक्या वर्षांत तो होता तिथंच राहिला, फक्त बारीक झाला. दीर जिवंत आहे, पण तो गुरं बघतो. बोलायचं काम तिच्याकडं. तिची सहा जनावरं आहेत, उकिरडा हा एवढा उंच. मी तिला म्हटलं, औंदा सगळं शेणखत ओढ्याकडच्या पट्टीत टाक.

ती संशयानं बघायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला फुकटचा सल्ला दिला नव्हता. मग सांगितलं. तुझ्या पट्टीत जितकं जास्त पिकेल तितकं योजनेचा साहेब माझं देणं लागतो. आणि त्याच्या घरी ऊस आहे, सोयाबीन नाही. म्हणजे माझ्या वाट्याचे कट्टे तो तुझ्याकडूनच विकत घेणार, तू सांगशील त्या भावानं.

ती हसली. तिचे सगळे दात शाबूत आहेत, हसली की दिसतात.

"बाई, तुमी लय बेइमान हायत."

"तुज्याहून कमीच," मी म्हटलं.

तिनं वरच्या शेताला एक पाटी खत दिलं नाही. सगळ्या ट्रॉल्या त्या दहा पावलांत रिकाम्या केल्या. दोनदा रोटाव्हेटर फिरवला. माती पिठासारखी मऊ झाली, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जायचा. त्यावर सोयाबीन असं आलं की खुरपायला आलेल्या बायका धुऱ्यावर उभ्या राहून बघायच्या.

आणि माझ्याकडं काय, तर हरळी. हरळी म्हणजे आमच्याकडं आळशी बाईची खूण. तिची मुळं खणून काढण्यात माझी कंबर गेली. आता तीच हरळी पट्टीभर पसरली, मधे कुंदा, मधे साहेबानं दिलेले गवताचे ठोंब. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका विचारायच्या, आजी आजारी आहे का? एकीनं तर परभणीला मुलाला फोन करून सांगितलं की तुमच्या मायला आता होत नाही. मुलाचा फोन आला. मी म्हटलं, सरकारी हरळी आहे, तुला कळायची नाही.

साहेब पंधरा दिवसाला यायचा. त्याचं काम माझं गवत मोजायचं, पण आला की पहिल्यांदा धुऱ्यावर चढून जावेचं सोयाबीन बघायचा. कमरेएवढं झालं तेव्हा त्यानं टोपी काढून घाम पुसला. जाऊ मुद्दाम त्याला शेंगा मोजून दाखवायची. मधे पावसानं ओढ दिली तर त्याचा फोन आला, आज्जी, तिकडं पडला का? मी म्हटलं, आता तुमाला शेती कळायलीय. खरं तर त्यानं पाऊस पडू नये म्हणून विचारलं का पडावा म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पडला तर त्याचं देणं वाढत होतं. पण शेतकऱ्याच्या पोराला पडू नये असं म्हणता येत नाही. त्याची चांगलीच पंचाईत झाली होती, आणि मला मजा येत होती.

पोळा झाला आणि आठ दिवसांनी पाऊस लागला. चार दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्याचा आवाज घरात ऐकू यायला लागला. पाचव्या दिवशी सकाळी उघडलं तशी मी शेतात गेले.

जावेची पट्टी नव्हती. सोयाबीन गेलं असतं तर समजलं असतं. पण पट्टीच नव्हती. पिठासारखी केलेली माती नांगराच्या खोलीपर्यंत उचलून नेली होती आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. वरच्या अंगाला भावकीतल्या त्या माणसाच्या पट्टीचा अर्धा भाग तसाच गेलेला.

माझ्या पट्टीतलं गवत सगळं एका बाजूला झोपलं होतं, तेल लावून केस बसवावेत तसं. आणि त्यावर हातभर काळा गाळ. वास घेतला तर शेणखताचा. हरळीच्या मुळांनी ओढ्यानं आणलेलं धरून ठेवलं होतं, त्यात जावेच्या सोयाबीनची झाडं शेंगांसकट अडकलेली. वरच्या उतारावर माझं पीक पिवळं पडलं होतं, पण उभं होतं. काठ तुटला नव्हता.

धुऱ्यावर जाऊ उभी होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझं शेणखत."

मी म्हटलं, घेऊन जा. नाव लिहिलं असेल तेवढं घे.

ती खरंच पाटी घेऊन उतरली. दोन पाट्या भरल्या. तिसरीला तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि निघेना. मला जाऊन ओढावं लागलं. ती बाहेर आली तेव्हा दोघी गाळात बसलो होतो. तिचा हात किती वर्षांनी धरला, आठवत नाही. जड झाली आहे.

रस्ता सुरू झाल्यावर साहेब आला. दोन्ही पट्ट्या त्यानं टोकापर्यंत चालून बघितल्या. मग हळूच म्हणाला, "निम्मं किती झालं, आज्जी?"

"न आल्याचं निम्मं," मी म्हटलं.

त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल, पण त्यानं तसं दाखवलं नाही. गाळाचा वास घेऊन तो हसला. म्हणाला, जूनमधे येता-जाता शेणखताच्या ट्रॉल्या मी बघितल्या होत्या. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, "बोललो असतो तर तुमी सही मागं घेतली असती."

म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. बटई अशीच चालते.

आता कोणी म्हणेल की योजना शहाणी ठरली. तसं काही नाही. तो पाऊस तसा पडला नसता तर जाऊ आज कट्टे मोजत असती आणि मी हरळीवाली वेडी म्हातारी असते. पट्टी पेरली असती तर माझं बियाणं ओढ्यात गेलं असतं, एवढं मात्र खरं. पण पट्टी न पेरल्यामुळंही माझ्याकडं बियाणं नव्हतंच. बटईत मिळायचं तेही गेलं. राहिलं होतं वरच्या उतारावरचं पावसात भिजलेलं सोयाबीन, आणि ते उगवेल की नाही हे पेरणीआधी कोणी सांगू शकत नव्हतं.

त्यातलं बरं दिसलं तेवढं मी काठीनं बडवून, वाळवून बाजूला ठेवलं. उन्हाळ्यात मुलाचे फोन वाढले. बियाण्याचं काय केलंस, असं तो सरळ विचारायचा नाही. तब्येत विचारायचा. पण नातवाच्या पोटात काही राहत नाही, त्यानं सांगून टाकलं की आईनं आजीच्या खोलीला रंग दिला, पिस्ता कलर.

मे महिन्यात एका सकाळी मी गोणपाट भिजवलं. शंभर दाणे मोजले, दहा-दहाच्या ओळीत मांडले, गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं आणि रांजणामागं सावलीत ठेवलं. रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी उघडायचं. आमच्याकडं सत्तर उगवले तर पेरतात, त्याखाली असेल तर दुकान. माझ्यासाठी त्याखाली असेल तर पिस्ता कलर.

पाचव्या दिवशी जाऊ आली. तिच्याकडं तर भिजलेलंही धड बी नव्हतं, जे होतं त्याला बुरशी आली होती. ती शेजारी बसली. मी सुतळी सोडली. आत पांढरे मोड आले होते, पण कुठं होते, कुठं नव्हते. मी मोजले, एकाहत्तर. जावेनं मोजले, अडुसष्ट. मी पुन्हा मोजले. दोन दाणे नुसते फुगले होते, एकाला मोड होता की साल होती कळत नव्हतं. मी म्हटलं, मोड आहे. ती म्हणाली, साल आहे. मी म्हटलं, बी माझं आहे.

एकाहत्तर.

मुलाला फोन करून सांगितलं की रंग चांगला असेल, तिथं नातवाला अभ्यासाला बसव.

जाऊ उठेना. मला कळत होतं ती कशासाठी बसली आहे. वरच्या शेताला पेरायला तिला बी हवं होतं आणि मागायचं नव्हतं. मी म्हटलं, देते. पण ओढ्याकडं उरलाय तो मुरूम नांगरायचा नाही, गवत राहू दे आणि साहेबाच्या कागदावर सही कर. तू काठ उघडा सोडलास तर ओढा तुझ्याकडून माझ्याकडं शिरणार, म्हणून सांगते, तुझ्या भल्यासाठी नाही.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "अन् तेवढं बुडालं तर? सायबाला धरू?"

साहेब धरायला तयार नव्हता. गावातले दोघं-तिघं त्याला बटईसाठी गाठून आले होते, आणि तो म्हणाला होता की एका पट्टीनं त्याची झोप उडाली, सगळा ओढा धरला तर पगार पुरायचा नाही. बरोबरच आहे. ऑफिसनं बटई धरली तर अर्धं गाव सही करील, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ते वर कळवलं म्हणे. वरून अजून काही आलेलं नाही, पाऊस सोडून. योजनेचे पैसे मात्र आले. पेरणी उरकल्यावर आले. त्यांची वाट बघत बसले असते तर आज तिसरी तुळस सडवत असते.

तर जावेला मी म्हटलं, मी धरते तुझी पट्टी बटईनं. बुडालं तर निम्मं माझं. पण किती बुडालं ते शेजारच्या पट्टीवरून ठरायचं, आपली तीच रीत. माझ्या बाजूला हरळी आहे, म्हणून वरच्या बाजूची धरू, भावकीतल्या त्या माणसाची. ती पट्टी अर्धी वाहून गेलेली, तिथं काय पिकणार, असा माझा हिशेब होता. जाऊ लगेच हो म्हणाली. इतक्या लवकर ती कशालाच हो म्हणत नाही. मी तेव्हाच समजायला हवं होतं. सुपारी फोडली. तिनं तिची अर्धी कडाकडा खाल्ली.

मृगाच्या आधी दोन दिवस सकाळी मी शेतावर गेले, तर ओढ्याच्या वरच्या अंगानं ट्रॅक्टरचा आवाज. भावकीतला तो माणूस आपल्या पट्टीत शेणखताची ट्रॉली रिकामी करत होता. एक झाली होती, दुसरी मागं उभी. उकिरडा त्याच्याकडं नाही, त्याची जनावरं विकून वर्ष झालं. खत कोणाचं, हे मला वासावरून सांगता आलं असतं, वर्षभर माझ्या शेतात पडलेलं आहे.

जाऊ धुऱ्यावर उभी होती, भलत्याच दिशेला बघत. मला बघून म्हणाली, "या बाई, बटईदार."

मी आभाळाकडं बघितलं.